परंपरा सोडून कुठे जायचं?



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ भरते, ते गुरुजी शाळेत मराठी शिकवत आणि संध्याकाळी घरी मुलांना गाणं. त्यामुळे संगीत, साहित्य आणि शिक्षण हे तिन्ही विषय आज एकत्र घेणं मला योग्य वाटलं. एका तासाच्या व्याख्यानात एवढं मावणार नाही याची कल्पना आहे. म्हणून संगीतावर जास्त वेळ घालवणार आहे, साहित्याला थोडक्यात स्पर्श करणार आहे आणि शेवटी शिक्षणाकडे येणार आहे.

परंपरेशी फारकत घेतलेल्या माणसांबद्दल आपण बोलतो तेव्हा त्यांनी काय मोडलं याचीच यादी करतो. घराणं मोडलं, वृत्त मोडलं, पाठांतर मोडलं. मोडण्याचं कौतुक करणारे आणि मोडण्याने व्यथित झालेले, दोघेही त्याच यादीवर भांडतात. मला आज दुसरा प्रश्न विचारायचा आहे. ही माणसं बाहेर पडली, ती गेली कुठे? आपल्याकडे ज्या बंडांनी मूळ धरलं, त्यांच्याकडे पाहिलं की मला एकच उत्तर पुन्हा पुन्हा मिळतं. ती माणसं शास्त्राने ज्यांना दाराबाहेर उभं केलं होतं त्यांच्याकडे गेली. आणि जाताना रियाज बरोबर घेऊन गेली. या दोहोंपैकी एक जरी नसेल तर बंड टिकत नाही, असं माझं मत आहे.

सुरुवात कुमार गंधर्वांपासून करतो.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म 1924 सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब उभं करणारा हा मुलगा 1936 साली मुंबईला जिना हॉलमधल्या परिषदेत गायला आणि ऐकणारे थक्क झाले. त्यानंतर तो प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला राहिला. पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. देवधरांची संस्था ही शाळा होती. ते स्वतः विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पण पाश्चात्त्य कंठसाधनेचाही त्यांनी अभ्यास केला होता, आणि कुठल्याही घराण्याचा गवई मुंबईत आला की त्याला ऐकायचं, त्याच्याकडची चीज समजून घ्यायची, हा त्यांचा ध्यास. एका उस्तादाच्या पायाशी बसून दुसऱ्याचं कानावर पडू न देण्याचा तो काळ. त्या काळात कुमारजींच्या कानावर ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा सगळंच पडलं. अंजनीबाई मालपेकरांसारख्या थोर गायिकेची तालीमही त्यांना मिळाली. म्हणजे ज्यांना आपण घराण्याबाहेर पडलेला गायक म्हणतो, ते वाढलेच मुळी अशा घरात जिथे सगळ्या घराण्यांना येण्या-जाण्याची मुभा होती. त्यांच्या बंडाची पायरी आधीच्या पिढीने बांधून ठेवली होती.

मग क्षयाने गाठलं. 1948 च्या सुरुवातीला हवापालट म्हणून ते माळव्यात देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं. स्ट्रेप्टोमायसिन त्याच सुमारास उपलब्ध होऊ लागलं म्हणून जीव वाचला, पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला, गायला बंदी असलेला गवई, आणि बाहेरून ऐकू येणारी माळवी बायकांची गाणी, जोगी-नाथपंथीयांची निर्गुणी भजनं. हा प्रसंग आपण इतक्या वेळा ऐकला आहे की तो आता दंतकथेसारखा वाटतो. पण अंथरुणावर पडून लोकगीत ऐकलेली माणसं पुष्कळ असतील. ऐकलेल्यावर त्यांनी पुढे काय काम केलं, ते जवळून पाहायला हवं.

लोकधून बहुधा तीन-चार-पाच स्वरांत फिरते. गाणारी बाई तंबोरा लावून बसलेली नसते. ती कुठूनही उचलते. शास्त्रीय गवयापुढे पहिला प्रश्न येतो तो असा: या धुनेचा षड्ज कुठला? वाटतो तेवढा हा साधा प्रश्न नाही. शुद्ध सा, रे, ग, म हे चार स्वर घ्या. सा ला षड्ज मानलं तर बिलावलच्या अंगाचं काहीतरी दिसतं. आता रिषभाला षड्ज माना. तेच चार स्वर कोमल निषाद, षड्ज, शुद्ध रिषभ, कोमल गंधार होतात आणि काफीची आठवण येते. गंधाराला षड्ज माना, की कोमल धैवत, कोमल निषाद, षड्ज, कोमल रिषभ. आपण भैरवीच्या उंबरठ्याशी येतो. बाईने एक सूरही बदललेला नाही. ऐकणाऱ्याने बैठक बदलली. कुमारजींनी माळव्यातली शेकडो गीतं गोळा केली, त्यांची स्वरलिपी केली, आणि त्या धुनांच्या पोटात कुठला राग दडला आहे याचा शोध घेतला. ज्या रागाचं बीज धुनेत होतं आणि जो आजवर कुणी गायला नव्हता, त्याचे आरोह-अवरोह त्यांनी सिद्ध केले, त्यात बंदिशी बांधल्या. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगांधार, मघवा, निंदियारी अशी ही धुनउगम रागांची मालिका. 1965 साली मौज प्रकाशनाने ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग काढला, त्यात हे सारं छापील, स्वरलिपीसकट, तपासायला खुलं आहे.

ते छापलं याला मी फार महत्त्व देतो. नव्याचा दावा करणाऱ्याने आपली कागदपत्रं समोर ठेवली. तुम्ही गाऊन बघा, राग उभा राहतो का ते पाहा, असं ते पुस्तक सांगतं.

आक्षेप घेतले गेले आणि ते सगळेच खुळे नव्हते. विलंबित ख्यालाचा जो संथ, भरघोस विस्तार जाणत्या श्रोत्याला हवा असतो तो यांच्या गाण्यात मिळत नाही, तुकडे तुकडे येतात, अशी तक्रार होती. तुकडे येत होते हे खरंच आहे. दम अपुरा होता. पण त्या अपुऱ्या दमातून त्यांनी मधल्या लयीची, झटकन उजळून जाणाऱ्या स्वरवाक्याची, आणि स्वरवाक्यांमधल्या शांततेची एक नवी रीत घडवली. ज्याला बालपणीच सगळ्या घराण्यांचा दमसास अवगत होता त्यालाच हे जमू शकलं. दम कुठे भरला असता हे ठाऊक असलेला माणूस कुठे थांबायचं ते ठरवू शकतो. आणि म्हणूनच, दोन्ही फुप्फुसं धडधाकट असताना केवळ कुमारजी तसं गात म्हणून तसंच तुटक गाणारे तरुण ऐकले की मला वाईट वाटतं. त्यांनी एका माणसाची अडचण शैली म्हणून उचलली आहे. त्या अडचणीमागचं काम उचललेलं नाही.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण देवधरांची शाळा आभाळातून पडली नव्हती.

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर. लहानपणी फटाक्यांच्या अपघाताने दृष्टी अधू झालेली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण झालेलं. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एका संस्थानिकाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या तिकिटांवर चालणारं हे विद्यालय. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, छापील पुस्तकं, हे सगळं तेव्हा गवयांना भ्रष्टाकार वाटलं. गुरूने शिष्याला बारा वर्षं एकाच रागात घोळवायचं, तर इथे फळ्यावर स्वर लिहून तीस मुलांना एकदम शिकवायचं. त्यातून मोठे गवई किती निघाले, हा सवाल आजही विचारतात. विष्णु दिगंबरांचा स्वतःचा भर कानसेन तयार करण्यावर होता. आणि त्या वर्गात घरंदाज मुली येऊन बसल्या, हे माझ्या लेखी उत्तम गवयाइतकंच मोठं फळ आहे. गाणारी बाई म्हणजे बैठकीची बाई, हे समीकरण ज्या समाजात रूढ होतं, तिथे पेटीवर सा लावून बसलेली शाळकरी मुलगी ही केवढी क्रांती होती, ते आज गाण्याच्या क्लासला मुलीला सोडायला जाणाऱ्या आईबापांच्या ध्यानातही येणार नाही.

मात्र हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवायची नाही. ज्या कलावंतिणींनी आणि मुसलमान उस्तादांनी ही विद्या शतकानुशतकं सांभाळली होती, त्यांना या नव्या, सोवळ्या, प्रार्थनेने सुरू होणाऱ्या वर्गात फारशी जागा उरली नाही. एक दार उघडताना दुसरं लोटलं गेलं. परंपरेपासून दूर जाणाऱ्या प्रत्येक पावलाला ही परीक्षा लावली पाहिजे: कोण आत आलं आणि कोण बाहेर राहिलं.

भातखंडे हे याच काळातलं दुसरं टोक. पेशाने वकील, मुंबईतल्या पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत घडलेले, देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवणारे. त्यांना दिसलं की जुने संस्कृत ग्रंथ एक सांगतात आणि गवई दुसरंच गातात. त्यांनी गवयाचा पक्ष घेतला. प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या रागांची दहा थाटांत मांडणी केली. पण ही मांडणी त्यांनी पुढे आणली कशी? 1910 साली ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहिला, आणि ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने. मग त्याचंच विवरण करणारी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत, गुरू-शिष्यांच्या संवादरूपाने लिहिली. ग्रंथाला संस्कृताचा आधार असल्याशिवाय पंडित मान हलवणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. शास्त्राविरुद्धची साक्ष त्यांनी शास्त्राच्याच भाषेत नोंदवली. मला यात लबाडी दिसत नाही. आपल्या समाजाची नाडी ओळखून केलेली ती तरतूद होती.

साहित्याकडे येतो. इथे उदाहरणं सगळ्यांच्या माहितीची आहेत, म्हणून दोनच ठिकाणी थांबतो.

केशवसुतांनी इटलीत जन्मलेली, इंग्रजीतून आलेली चौदा ओळींची रचना मराठीत आणली, तेव्हा तिला बहुधा शार्दूलविक्रीडितात बसवली. परदेशी पाहुण्याला त्यांनी ओळखीच्या पाटावर जेवायला बसवलं. अर्ध्या शतकाने बा. सी. मर्ढेकर आले. ‘शिशिरागम’ हा त्यांचा पहिला संग्रह 1939 चा. त्यात रविकिरणी वळणाचा, हळवा, वृत्तात सफाई असलेला कवी दिसतो. 1947 साली ‘काही कविता’ आला आणि वाचणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. महायुद्ध, गिरण्या, गर्दी, यंत्रं, पिपात मेलेले उंदीर. सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. शेवटी निर्दोष सुटका झाली.

मर्ढेकर दुर्बोध, पाश्चात्त्य, एलियटच्या वळणाचे, असं तेव्हा म्हटलं गेलं. पण ती पानं उघडून कानाने वाचा. ओवी आहे, अभंग आहे. संस्कृत अक्षरगणवृत्तांची जी झूल पंडित कवींपासून मराठी कवितेवर चढली होती, ती उतरवायला त्यांनी ज्ञानोबा-तुकोबांचा छंद हाती घेतला. जात्यावर बसलेल्या बाईची आणि टाळ कुटणाऱ्या वारकऱ्याची लय यंत्रयुगाच्या विटंबनेला लावली. तो धक्का इतका खोल बसला याचं कारण हेच आहे, असं मला वाटतं. अनोळखी छंदात तीच प्रतिमा आली असती तर वाचकाने ती विलायती म्हणून बाजूला ठेवली असती. अभंगाच्या चालीत ती आली, तेव्हा ती थेट देवघरात शिरली. त्यांच्यामागून मुक्तछंदात लिहिणाऱ्या कितीतरी जणांना मर्ढेकरांची निराशा उचलता आली, त्यांचा छंदावरचा ताबा उचलता आला नाही. नामदेव ढसाळांनी 1972 मध्ये ‘गोलपिठा’त जी भाषा आणली ती कामाठीपुऱ्याच्या रस्त्यावरची होती, आणि त्या भाषेचा रियाज त्यांनी जगून केला होता. म्हणून ते अनुकरणकर्त्यांच्या रांगेत बसत नाहीत.

आता शिक्षण. या प्रांतात परंपरेचा प्रश्न थेट पैशाचा आणि अन्नाचा होता.

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनने त्या रकमेतून 1821 साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. जुन्या विद्येचा मान राहावा आणि लोक दुखावले जाऊ नयेत, हा त्यातला हिशेब. 1849 साली लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरच्या तरुण मंडळींनी मागणी केली की या दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. पुण्यात खवळाखवळ झाली. अर्ज करणाऱ्यांना धाक घालण्यापर्यंत मजल गेली, आणि त्यांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुल्यांनी माणसं उभी केली, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. मराठी पुस्तकांना बक्षिसं सुरू झाली. पुढे 1855 मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून त्याच दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं, आणि कमिटीने ते स्वीकारलं नाही. ज्या दारासाठी ते उभे राहिले ते दार त्यांच्याच नाटकाला बंद मिळालं. संस्कृतकडून मराठीकडे येणं झालं, पण मराठी कुणाची, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो प्रश्न ज्यांनी हातात घेतला, त्यांच्याबद्दल मला सगळ्यात आवर्जून बोलायचं होतं. ताराबाई मोडक. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. मारिया माँटेसरींची पद्धत तेव्हा आपल्याकडे शहरी, सुखवस्तू घरांतल्या मुलांपर्यंत पोचत होती. साधनं महाग, लाकडी, ठरावीक मापाची. खरं तर 1907 साली रोममध्ये माँटेसरींनी पहिलं बालगृह सुरू केलं ते कष्टकऱ्यांच्या वस्तीत. गरिबांसाठी जन्मलेली पद्धत समुद्र ओलांडताना श्रीमंत झाली होती. ताराबाईंनी ती पुन्हा तिच्या माणसांकडे नेली. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 पासून कोसबादची टेकडी हे त्यांचं गाव झालं.

बोर्डीत पहिला अनुभव असा आला की शाळा काढली तरी वारली मुलं शाळेत येत नाहीत. मग शाळाच मुलांच्या अंगणात गेली. तिला अंगणवाडी म्हटलं. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी, गोष्टी. मापाच्या लाकडी ठोकळ्यांऐवजी चिंचोके, शंख-शिंपले, खडे, पानं, बिया. लहानमोठं, जडहलकं, खरखरीत-गुळगुळीत हे माँटेसरींनी इंद्रियशिक्षणात सांगितलेलं सारं त्यातून शिकवता येत होतं; पद्धतीचा गाभा तसूभरही ढळला नाही. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात, ती अंगणातही सापडत नसत. तेव्हा शिक्षक त्यांच्यामागून कुरणात गेले. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसली आहेत, आणि शिकणं चाललं आहे. हीच कुरणशाळा. मुलाने गुरं सोडली असती तर घरातलं एक खाणारं तोंड उपाशी राहिलं असतं. ते पाठ्यपुस्तकाला कधी कळलं नसतं, या दोन बायकांना कळलं.

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी असंच नाव मिळालं. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत आणि त्या चालवणाऱ्या सेविका तुटपुंज्या मानधनावर, पोषण आहारापासून नोंदवह्यांपर्यंत, न झेपेल एवढं काम करतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण पुष्कळ ठिकाणी भिंतीवर सफरचंदाचं आणि विमानाचं छापील चित्र लावलेलं असतं आणि खिडकीबाहेर चिंचेचं झाड उभं असतं. चिंचोके कुणी आत आणत नाही. योजनेने नाव घेतलं, अंगण घ्यायचं राहिलं. याचा दोष सेविकेला नाही. प्रशिक्षणात तिला तक्ते मिळाले; आपल्या पाड्यातल्या वस्तूंवर विश्वास ठेवायची मुभा तिला कुणी दिली नाही.

बंडाचा असा आकृतिबंध होऊन बसतो. कुमारजींच्या थांबण्याची नक्कल, मर्ढेकरांच्या वैतागाची नक्कल, ताराबाईंच्या अंगणाचं नाव. ज्यांनी एका चौकटीतून सुटका केली त्यांची आपण दुसरी चौकट करून भिंतीवर टांगतो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षाही आता शंभरीच्या परंपरेत गेल्या आहेत. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतचा तो जिना महाराष्ट्रात गावोगावी चढला जातो, आणि त्या जिन्यामुळे लहान गावातल्या मुलीला राग ऐकायला मिळतो, हे ऋण मी मानतो.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि या सभागृहात गाणं शिकवणारे बरेच जण बसलेले दिसतात म्हणून ती इथेच करतो. मध्यमा किंवा विशारदच्या विद्यार्थ्याला ठरलेले राग गाऊन दाखवायला लावा. त्यात काडीचीही सवलत नको. त्याशिवाय त्याच्या आजीकडून, मोहल्ल्यातून, पाड्यातून, बंदरावरून ऐकलेलं एक गाणं त्याला घेऊन यायला सांगा. त्याचे स्वर त्याने स्वतः लिहावेत. षड्ज कुठला धरला आणि दुसरा का धरला नाही, हे परीक्षकापुढे सांगावं. तारपा ऐकत वाढलेली वारली मुलगी, कोकणी मुसलमानाच्या लग्नातली गाणी ऐकलेला मुलगा, गोंधळ ऐकत झोपलेला मराठवाड्यातला पोर, या प्रत्येकाला उत्तरपत्रिकेत आणायला काहीतरी असेल, आणि बहुतेक वेळा ते परीक्षकाने आधी ऐकलेलं नसेल. परीक्षकाला त्या दिवशी वही काढून काही टिपून घ्यावं लागेल. गुण किती द्यायचे ते नंतर बसून ठरवू. यंदाच्या सत्रापासून आपापल्या वर्गात हे सुरू करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.